नीटचा दुसरा प्रयत्न: उत्तरपत्रिकेच्या चिरफाडीपासून पसंतीक्रमापर्यंत

जूनमध्ये नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या ओट्यावर कुणीतरी येतंच. मुलगा मान खाली घालून बसलेला, बोलणारे वडील. "मॅडम, चारशे तीन पडले. रिपीट करू द्यावं का?" मी विचारते, ओएमआर, म्हणजे गोळे रंगवलेली उत्तरपत्रिका, आणलीय का? बहुतेकांनी आणलेली नसते. स्कोअरकार्ड असतं आणि कुठल्या तरी क्लासचं, पानभर फोटो छापलेलं पत्रक असतं. काही जणांनी तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रिपीटर बॅचचे पैसे भरलेले असतात.

माझाही नंबर दुसऱ्या प्रयत्नात लागला, त्यामुळे त्या मुलाच्या पोटात काय चाललं असेल ते कळतं. तरी ओएमआर पाहिल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणत नाही. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशाला ना मुलाखत, ना निबंध, ना कुणाचं शिफारसपत्र. गुण, कागदपत्रं आणि पसंतीक्रमाची यादी, एवढ्यावर सगळं ठरतं. रिपीटर मुलं सगळा जीव गुणांत ओततात, आणि तिथेही वर्ष नवं, चूक जुनीच. कागद आणि यादी शेवटच्या आठवड्यावर ढकललेले असतात.

आधी उत्तरपत्रिकेची चिरफाड

परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, निकालाच्या आधी ओएमआरची स्कॅन प्रत, नोंदवलेली उत्तरं आणि तात्पुरती उत्तरसूची खुली करते. ती थोडेच दिवस असते, तेव्हाच उतरवून ठेवा. उत्तरसूची चुकलीय असं वाटलं तर एका प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. पुस्तकातली ओळ हातात असेल तरच घ्या, रागाच्या भरात नको.

आता प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि चार रंगांची पेनं घेऊन बसा. घड्याळ बाजूला ठेवा. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवा आणि रंग द्या. लाल, म्हणजे हे मला माहीतच नव्हतं. निळा, म्हणजे वाचलं होतं पण आठवलं नाही. हिरवा, येत होतं पण चुकलं. काळा, वेळच उरला नाही. घाई करू नका, दोन दिवस लागतात.

त्या ४०३ वाल्या मुलाचं उदाहरण घेऊ. जीवशास्त्रात ९० पैकी ७० बरोबर, १४ चूक, ६ सोडलेले. रसायनात २५ बरोबर, ११ चूक, ९ सोडलेले. भौतिकात १६ बरोबर, १६ चूक, १३ सोडलेले. एकूण १११ बरोबर, प्रत्येकी चार म्हणजे ४४४, त्यातून ४१ चुकांचा एकेक वजा. घरात सगळ्यांचं एकच मत होतं, "याचं फिजिक्स कच्चं आहे", आणि फिजिक्सच्या खास बॅचची चौकशीही झाली होती. रंग दिल्यावर ६९ प्रश्नांपैकी लाल निघाले फक्त १९. निळे २४, हिरवे ११, काळे १५. फिजिक्स कच्चं होतंच, पण सर्वांत मोठा ढीग निळा होता आणि त्यातले बहुतेक जीवशास्त्र आणि रसायनाचे. त्या पोरानं वर्षभर लेक्चर ऐकली होती, उजळणी केली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून लेक्चर ऐकून निळा ढीग कमी होत नाही.

आणखी एक हिशेब त्याच बैठकीत करा. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर चार नाही, पाच गुण वाढतात, कारण वजा झालेला एकही परत येतो. ४१ चुकांपैकी २० दुरुस्त झाल्या तर सरळ १०० गुण. हे त्या मुलाच्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

थांबायचं की पुढे जायचं

नीट देण्यासाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा २०२२ पासून नाही, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. नियम थांबवत नाही, म्हणून हद्द आपणच घालायची. ती जूनमध्येच कागदावर लिहायची आणि खाली आई-वडिलांचीही सही घ्यायची: हा प्रयत्न, आणि नाहीच झालं तर अमुक कोर्स. ऐकायला पोरकट वाटतं, पण पुढच्या जूनमध्ये रडारड सुरू होते तेव्हा तोच कागद कामाला येतो.

गुणांवरून निर्णय घेऊ नका. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ झाले. २०२५ ला भौतिकशास्त्राचा पेपर असा काही आला की देशात सर्वाधिक गुण ६८६. खुल्या गटाची पात्रतेची किमान रेषा एका वर्षात १६२ वरून १४४ वर आली. म्हणून "गेल्या वर्षी अमक्याला इतक्यावर सरकारी मिळालं" हे वाक्य निरुपयोगी. रँक बघा. प्रवेश प्रक्रिया चालवणारा राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची निवड यादी प्रसिद्ध करतो. त्यात उमेदवाराचा राज्य गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि मिळालेलं कॉलेज असतं. आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक कुठे थांबला ते बघा आणि आपल्या क्रमांकापासून ते अंतर मोजा.

निळे-हिरवे प्रश्न जास्त असतील, किंवा पहिल्या वर्षी आजारपणानं, घरातल्या अडचणीनं अभ्यासच झाला नसेल, तर रिपीट करण्यात अर्थ आहे. निम्म्याहून अधिक लाल असतील तर एका वर्षात दोन वर्षांचा पाया घालायचा आहे, हे मान्य करूनच उतरा. तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मी फार कडक आहे. दोन्ही वेळा रंगांचं चित्र सारखंच असेल तर मी सरळ नको म्हणते.

बारावीची एक अट अनेकांच्या ध्यानात नसते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. ते कमी असतील तर श्रेणीसुधाराचा अर्ज याच वर्षी भरा, नाहीतर नीटमध्ये कितीही पडले तरी उपयोग नाही.

बीएएमएस किंवा बीडीएसला प्रवेश घेऊन सोबत तयारी करू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले थोडे जमवतातही. पण बीएएमएसच्या पहिल्या वर्षी संस्कृत आहे, आयुर्वेदातलं पदार्थविज्ञान आहे, रचना शारीर म्हणजे शरीररचना आहे, हजेरी आहे. दोन्ही दगडांवर पाय ठेवून दोन्हीकडे नापास झालेली मुलंही मी पाहिली आहेत. आणि प्रवेश घ्यायचाच असेल तर जागा सोडण्याची शेवटची तारीख आणि दंडाचं कलम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचल्याशिवाय मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.

जुनी मॉड्यूल्स रद्दीत

अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून बदलला. रसायनातून घनावस्था, पृष्ठरसायन, धातुशास्त्र, बहुवारिकं, एस ब्लॉक हे गेलं. भौतिकात प्रयोगांचा स्वतंत्र घटक आला, म्हणजे व्हर्निअर, स्क्रूगेज, मीटर ब्रिज. तरी दादाची किंवा शेजारच्या ताईची जुनी मॉड्यूल्स घेऊन, गेलेल्या धड्यांवर पंधरा दिवस घालवणारे रिपीटर दर वर्षी भेटतात. अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्या, भिंतीवर लावा, पुस्तकांतले वगळलेले धडे पेन्सिलनं काटा.

स्टेट बोर्डाच्या मुलांना वेगळं सांगते. बालभारतीचं पुस्तक वाईट नाही, पण नीटचा प्रश्न एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय पाठ्यपुस्तकाच्या, वाक्यावर उभा असतो. जीवशास्त्राला ७२० पैकी ३६० गुण आहेत आणि तिथं एनसीईआरटी ओळीनं वाचण्याला पर्याय नाही. वाचायचं कसं ते दाखवते. रक्ताभिसरणाच्या धड्यात येतं की हृदय मिनिटाला साधारण ७२ ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला एक जवनिका साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकते. इथे थांबायचं, पुस्तक मिटायचं, गुणाकार करायचा: मिनिटाला सुमारे ५ लिटर. मग स्वतःलाच प्रश्न टाकायचा, ठोके १०० झाले आणि एका ठोक्याचं रक्त ५० मिलीवर आलं तर? तेवढंच, ५ लिटर. एका ओळीतून असे दोन प्रश्न काढलेत तर ती ओळ परीक्षेत पर्यायांच्या गर्दीतही ओळखू येते. हायलाइटरनं पिवळं केलेलं पान बघून नुसतं "हे येतंय" असं वाटत राहतं.

प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. ती इंग्रजीसोबत द्विभाषिक असते आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून मराठीतून देणाऱ्यांनीही संज्ञा दोन्ही भाषांत पाठ ठेवाव्यात.

वर्षाची आखणी

परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते. क्लासचं वेळापत्रक काही असो, तुमचं स्वतःचं वेगळं हवं.

जूनचे दोन आठवडे पूर्ण विश्रांती. चिरफाड झाली की पुस्तक बंद. झोपा, आजोळी जा. हे दिवस चोरले नाहीत तर नोव्हेंबरमध्ये शरीर ते वसूल करतं.

जुलै ते नोव्हेंबर सगळा अभ्यासक्रम एकदा पुरा व्हायला हवा, पण समान वाटणीनं नाही. लाल धड्यांना आठवड्यातले चार दिवस, निळ्यांना दोन, सातव्या दिवशी परीक्षा आणि तिची चिरफाड. भौतिक रोज, एकही दिवस न चुकता, सकाळी. थकलेल्या डोक्यानं जीवशास्त्र वाचता येतं, गणितं सुटत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत पहिली पूर्ण उजळणी. इथं बहुतेकांची गाडी अडते, कारण क्लासचा भाग अजून उरलेला असतो. उरला तरी उजळणी सुरू करा. फेब्रुवारीपासून नवं काही घ्यायचं नाही.

क्लास लावायचा का? पहिल्या वर्षीचा क्लास चांगला असेल तर बदलायचं कारण नाही, आणि लाल प्रश्न कमी असतील तर फक्त टेस्ट सिरीज आणि अभ्यासिका पुरते. नवा लावणार असाल तर निकालाची जाहिरात बघू नका. तीन प्रश्न विचारा: एका बॅचमध्ये किती मुलं, शंका विचारायला शिक्षक कोणत्या वेळेला बसतात, मध्येच सोडलं तर पैसे कसे परत मिळतात. तिसऱ्याचं उत्तर पावतीवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबून आम्ही एकदा चांगलेच पोळलो आहोत, म्हणून सांगते.

चुकांची वही ठेवा, शंभर पानी पुरते. त्यात प्रश्न उतरवून काढू नका, चूक लिहा. माझ्या मावसभावाच्या वहीतली एक नोंद अशी होती: "आठ सारखे थेंब मिळून एक थेंब. घनफळ आठपट, म्हणून त्रिज्या दुप्पट. अंतिम वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून चौपट. मी दुप्पट लिहिलं. सूत्र आठवलं, वर्ग विसरलो." दोन महिन्यांनी ती वही चाळताना त्याच्या लक्षात आलं की वर्ग विसरण्याच्या अशा नोंदी सहा आहेत, वेगवेगळ्या धड्यांत. त्याचं दुखणं कुठल्या धड्यात नव्हतंच, घाईत होतं. असं क्लासमधलं कुणी सांगू शकत नाही.

दुपारी दोनची सवय

पेपर दुपारी २ ते ५ असतो, १८० मिनिटांत १८० प्रश्न, गोळे रंगवणंही त्यातच. २०२५ पासून पर्यायी प्रश्न आणि जादा २० मिनिटं दोन्ही गेलं, त्यामुळे जुन्या सवयीनं "पाच सोडू" म्हणता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सराव परीक्षा त्याच वेळेला, जेवणानंतर, पंख्याखाली, खऱ्या ओएमआरवर द्या. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी डोळे कसे मिटतात ते घरीच कळलेलं बरं. वर्षभर अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत जागणारा मुलगा दुपारी अडीचला अर्धा झोपेत असतो. शेवटचे दोन महिने रात्रीचा अभ्यास बंद करा, हे मी हट्टानं सांगते.

पहिल्यांदा जीवशास्त्र ४५ ते ५० मिनिटांत, मग रसायन ५० मिनिटं, भौतिक तासभर, उरलेला वेळ सोडलेल्या प्रश्नांना. एका पानाचे प्रश्न झाले की तेवढे गोळे लगेच रंगवा. शेवटी एकदम रंगवायला ठेवले आणि मध्ये एक ओळ सरकली तर वर्षाची माती होते.

अंदाज मारावा का? हिशेब करू. चारही पर्याय अंधारात असतील तर सरासरीनं एका प्रश्नामागे पाव गुण हाती लागतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. दोन पर्याय खात्रीनं कटले असतील तर दीड गुण. म्हणून अर्धंमुर्धं येत असेल तर गोळा रंगवा. सराव परीक्षेत अशा प्रत्येक प्रश्नापुढे टिंब ठेवा आणि नंतर मोजा. दहापैकी तीन जरी बरोबर आले तरी बारा वजा सात, पाच गुण पदरात. दहापैकी एकच येत असेल तर पेपर काढणाऱ्यानं लावलेल्या सापळ्यात तुम्ही नेमाने पाय ठेवता आहात. मग हात आवरा.

घरातलं

गणपतीत, लग्नात, बारशाला "काय, यंदा तरी?" हे येणारच. आईनं किंवा बाबांनी एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं की मे महिन्यापर्यंत विचारू नका. मुलाला लपवून ठेवू नका, आरतीला दहा मिनिटं उभं राहू द्या. झोप उडाली, जेवण तुटलं, पोरगं खोलीबाहेर येईना, तर टेस्टचे गुण विचारत बसू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

कागद: हे काम याच पावसाळ्यात

ही माझ्या मते रिपीटरच्या वर्षातली सगळ्यांत स्वस्त कमाई. गुण वाढवायला वर्ष लागतं, कागद जमवायला काही आठवडे चकरा, पण त्याअभावी गेलेली जागा परत येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा क्रमांक सरकारी कॉलेजात बसत होता. जात वैधता प्रमाणपत्र समितीकडे अडकलेलं होतं. तिला खुल्या गटात धरलं आणि ती यादीबाहेर गेली. मुदतवाढ मिळेल या आशेवर घर बसून होतं.

जातीच्या दाखल्यावर भागत नाही, वैधता लागतेच. अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीतून जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातीसाठी समित्या वेगळ्या आहेत. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा शोधायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली ती रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली असतात, काही नोंदी मोडी लिपीत असतात, आणि एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी तुकाराम, दुसऱ्या ठिकाणी तुक्या. वंशावळीचं शपथपत्र आणि सख्ख्या काकाची किंवा आत्याची वैधता असेल तर काम फार सोपं होतं. आधी भावकीत विचारा.

नॉन क्रिमिलेअरची मुदत तपासा, प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असावं लागतं. ओबीसींनी दोन प्रमाणपत्रं काढायची, राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी राज्याच्या नमुन्यात आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या नमुन्यात. एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाचं आरक्षण राज्यापुरतंच आहे, अखिल भारतीय कोट्यात ते चालत नाही. रिपीटरला याशिवाय मधल्या वर्षात कुठेही प्रवेश घेतला नव्हता असं गॅपचं शपथपत्र लागतं. अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याचे पुरावे, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे नेहमीचं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी काही जागा वेगळ्या असतात, त्यांनी तो पुरावा आधीच जोडून ठेवावा. नीटच्या अर्जातलं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधार, तिन्ही अक्षर न अक्षर जुळलेलं पाहा.

पसंतीक्रम

एमबीबीएससोबत पर्यायांचे अर्जही याच वर्षी भरायचे. बीएएमएस, बीएचएमएस आणि माफसू या राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचा पशुवैद्यकीय अभ्यासक्रम नीटच्याच गुणांवर होतात, बीएस्सी नर्सिंगची राज्याची सीईटी वेगळी असते, फार्मसी आणि कृषीसाठी एमएचटी सीईटी. एक दिवस जातो, पण जूनमध्ये हात रिकामे राहत नाहीत.

यादी मात्र मनातल्या क्रमानंच भरा. "वरचं कॉलेज मिळणारच नाही, मग ते पहिलं टाकून संधी का घालवू" हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज आहे. संगणक गुणवत्तेनुसार एकेक मुलगा घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत पहिली रिकामी जागा देतो. वर पाच अशक्य नावं टाकलीत तरी सहाव्याची संधी कमी होत नाही. उलट सोपं कॉलेज वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती आकडेवारी समोर ठेवूनच नाव लिहा. जी फी झेपणार नाही ते नाव यादीत नकोच.

जागा मिळून प्रवेश घेतलात की स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरची जागा मिळू शकते, पण मिळाली की आधीची आपोआप जाते. म्हणून दुसऱ्या फेरीआधी यादीतून, हातातल्या जागेपेक्षा कमी पसंतीची सगळी नावं काढून टाका. दिल्लीच्या, म्हणजे अखिल भारतीय कोट्याच्या समुपदेशनात पहिल्या फेरीनंतर बिनदंड बाहेर पडता येतं, दुसऱ्यात अनामत जाते. शेवटच्या स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत नुसतं बघू म्हणून नाव टाकायचं नाही. मिळालेली जागा नाकारली तर अनामत जाते, शिवाय बंदीची तरतूद आहे.

यादी मोबाइलवर भरायला बसू नका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेननं लिहा, घरातल्या एकाला मोठ्यानं वाचायला सांगा, दुसऱ्यानं कॉलेजचा कोड तपासायचा. मागच्या वर्षी आमच्या ओट्यावर असंच बसलो होतो. एकोणीस नंबरला एका कॉलेजचा कोड चुकून दुसऱ्याच शहरातल्या कॉलेजचा पडला होता. तो मुलाच्या आजीनं पकडला, चष्मा नाकावर ओढून, बोट ठेवत ठेवत वाचताना.